पवनचक्की उभी करण्याआधी गावाला विचारा

स्वित्झर्लंडच्या जुरा डोंगररांगेत सँत-क्रुआ नावाचं एक छोटं गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंची, पाचेक हजारांची वस्ती. गावाच्या माथ्यावरच्या कुरणांत पवनचक्क्या उभ्या कराव्यात, हा विचार १९९०च्या दशकाच्या अखेरीस पुढे आला. प्रत्यक्षात सहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या २०२३ मध्ये. मी या डोंगराच्या पायथ्याशी, इव्हर्दों शहरात राहतो. साताऱ्याकडच्या मित्रांना ही हकीकत सांगितली की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "लोकांना विचारत बसलं की असंच होणार. त्यापेक्षा आपल्याकडचं बरं, ठरलं की काम सुरू."

हे उत्तर मला अजिबात पटत नाही. ती पंचवीस वर्षं लोकांना विचारण्यात गेलेलीच नाहीत. लोकांना विचारायला एक मतदान पुरलं. २०१२ मध्ये गावाने या प्रकल्पावर सल्लादर्शक सार्वमत घेतलं आणि सुमारे ५३ टक्के लोकांनी होकार दिला. कौल निसटता होता, पण स्पष्ट होता. वेळ खाल्ला तो त्याच्या आधीच्या सरकारी चालढकलीने आणि नंतरच्या अपिलांनी. प्रकरण कॅन्टनच्या म्हणजे प्रांताच्या न्यायालयात गेलं, तिथून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २०२१ मध्ये निकाल प्रकल्पाच्या बाजूने लागला. गावाने एकदा दिलेलं उत्तर नऊ वर्षं कागदपत्रांत अडकून पडलं. विलंबाचं खापर गावकऱ्यांच्या मतावर फोडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

गावात भांडण झालं नाही असं नाही. कडाक्याचं झालं. घराघरांत दोन तट पडले. विरोधकांचं म्हणणं ऐकताना मला अनेकदा ते पटायचंही. जुराची माथ्यावरची कुरणं म्हणजे मधूनमधून स्प्रूसची झाडं, दगडावर दगड रचून केलेले चुन्याशिवायचे गडगे, उन्हाळ्यात चरायला आलेल्या गाई. तिथे दीडशे मीटर उंचीचं यंत्र उभं राहिलं की डोंगराचं मापच बदलतं. शिवाय लाल घारी आणि वटवाघळं, रात्रीचा आवाज, पात्यांची घरांवर फिरणारी सावली, हिवाळ्यात स्कीइंगला येणाऱ्या पाहुण्यांचं काय, घरांच्या किमतींचं काय. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं असं, की स्वित्झर्लंडची जलविद्युत उन्हाळ्यात भरपूर असते आणि हिवाळ्यात आटते, तेव्हा देश शेजाऱ्यांकडून वीज विकत घेतो. पवनचक्क्यांची वीज मात्र हिवाळ्याच्या सहा महिन्यांतच जास्त येते. २०१७ च्या सार्वमतात देशाने नवे अणुवीज प्रकल्प न बांधण्याचा कायदा ५८ टक्के मतांनी स्वीकारला. मग कुठेतरी काहीतरी उभं करावंच लागणार.

त्याच कायद्याखालच्या नियमावलीत एक आकडा होता, आणि सँत-क्रुआच्या प्रकरणात तो निर्णायक ठरला. वर्षाला २ कोटी युनिट किंवा त्याहून जास्त वीज देणारा पवनप्रकल्प राष्ट्रीय हिताचा मानायचा, असं ती नियमावली सांगत होती. सँत-क्रुआचा अंदाज होता २ कोटी २० लाख युनिटचा. म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडला. न्यायालयात निसर्गरक्षण आणि वीज यांची तुलना करताना वीज आणि निसर्ग दोन्ही 'राष्ट्रीय हित' म्हणून एकाच पातळीवर आले. एखाद-दुसरं यंत्र वगळायचा आग्रह मान्य झाला असता तर तो दर्जाच गेला असता. अशा आकड्यांच्या जोरावर डोंगराचं भवितव्य ठरावं हे मला खटकतं. पण आकडा उघड होता, दोन्ही बाजूंना ठाऊक होता, आणि वाद त्याच्यावर मुद्देसूद झाला.

इथली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. असा प्रकल्प आला की त्याची सगळी कागदपत्रं तीस दिवस ग्रामपंचायतीच्या म्हणजे कम्यूनच्या कचेरीत उघडी ठेवतात. नकाशे, आवाजाचं मोजमाप, पक्ष्यांचा अभ्यास, रस्ता कुठून जाणार, झाडं किती तुटणार, सगळं. कुणीही जावं, वाचावं, हरकत लिहून द्यावी. प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर मिळतं. आणि आमच्या व्हो कॅन्टनमध्ये एक आणखी गोष्ट आहे: देशात दहा वर्षं आणि कॅन्टनमध्ये तीन वर्षं राहिलेल्या परदेशी नागरिकाला कम्यूनच्या कारभारात मत देता येतं. माझा पासपोर्ट भारतीय आहे. स्विस संसदेच्या निवडणुकीत मला मत नाही. पण माझ्या कम्यूनमध्ये आहे. माझ्या आईवडिलांच्या गावात, जिथे आमच्या घराण्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिथल्या पवनचक्क्यांबद्दल आमच्यापैकी कुणाला मत देता आलं नाही, कारण तिथे मतदान झालंच नाही.

सातारा आणि पाटण तालुक्यांतल्या सड्यावरची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावरची, ही गोष्ट आहे. वनकुसवडे, चाळकेवाडी, सडावाघापूर ही नावं आज पर्यटकांच्या तोंडी आहेत. ढगात फिरणाऱ्या पात्यांचे फोटो काढायला पुण्याहून गाड्या येतात. १९९०च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तिथे शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यामागे वाऱ्याइतकाच प्राप्तिकराचाही जोर होता. पवनचक्कीत घातलेली रक्कम त्या काळी यंत्राचा घसारा म्हणून पहिल्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून पूर्ण वजा करता येत असे. पुढे ती सवलत ८० टक्क्यांवर आली. त्यामुळे ज्यांचा विजेशी कधी संबंध आला नव्हता अशा कंपन्या आणि श्रीमंत मंडळी सड्यावर पवनचक्क्यांची मालक झाली. कर वाचला तो मुंबईत. जमीन गेली ती कातळावर गुरं चारणाऱ्यांची, आणि गेली ती एजंटांमार्फत, पडीक म्हणून लावलेल्या भावाने.

माझे मामा त्या काळाबद्दल एवढंच सांगतात: "आमाला कुनी इचारलंच न्हाई रं. आधी मोजणीवालं आलं, मग रस्ता झाला, मग क्रेनी आल्या."

या डोंगरातल्या माणसांना विचारलं गेलं नाही ते पहिल्यांदा नव्हे. कोयना धरणाने त्यांची खोऱ्यातली भातशेती घेतली आणि गावंच्या गावं उठवली. १९६७ च्या भूकंपाने उरलेली घरं पाडली. मग सड्यावर पवनचक्क्या आल्या. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि जंगलात जाण्यावरही बंधनं आली. आणि वीज? राज्यात भारनियमनाची ती वर्षं आठवा, ग्रामीण भागात बारा-बारा तास दिवे नसायचे. वर पाती फिरतायत आणि खाली वाडीत अंधार, हे ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं त्यांना 'हरित ऊर्जा' हा शब्द ऐकवताना आपण जपून बोलावं.

पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस अडवतात, असा समज सातारा-सांगलीकडे दुष्काळाच्या वर्षांत पसरला होता. मोर्चे निघाले, यंत्रं बंद करा अशी मागणी झाली. शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी त्यावरून गावकऱ्यांना अडाणी ठरवलं. मोसमी ढग बनतात आणि वाहतात ते कित्येक किलोमीटरच्या पट्ट्यात, पन्नास-साठ मीटरवरच्या पात्यांनी ते पळत नाहीत, हे खरं आहे. पण हे कुणी गावात येऊन सांगितलं का? प्रकल्पाआधी एक तरी सभा घेऊन, माणसांच्या शंका ऐकून, उत्तरं दिली का? ज्याच्या डोक्यावर यंत्र उभं केलं आणि ज्याला एक शब्द सांगितला नाही, तो माणूस स्वतःच्या परीने कारण शोधणारच. सँत-क्रुआमध्येही चित्रविचित्र भीती होत्या. त्या सभेत बोलल्या गेल्या, त्यांना उत्तरं मिळाली, काही विरल्या, काही राहिल्या.

आणि सड्यावर काही बदललंच नाही असंही नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण जवळपास चौपटीने कमी आढळलं. पक्षी कमी झाल्याने गळ्याला निळा-केशरी पंखा असलेले तिथले सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी ते पूर्वीसारखे पळेनात, त्यांच्या गळ्याचे रंगही फिके पडलेले दिसले. पठारावरची सगळी साखळी वरपासून खालपर्यंत हलली होती. हा अभ्यास जगभर नावाजला गेला. पण तो यंत्रं उभी राहून जवळजवळ दोन दशकं झाल्यावर आला. सँत-क्रुआमध्ये पक्ष्यांचा आणि वटवाघळांचा अभ्यास आधी झाला, मग परवानगी.

यामागचं कारण आपल्या नियमांत आहे. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना पवनऊर्जेला लागू होत नाही. धरण, खाण, औष्णिक वीज यांच्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. डोंगरमाथ्यावर रस्ते कापून शंभर पवनचक्क्या उभ्या करायच्या तर घ्यावी लागत नाही. भीमाशंकरच्या परिसरातल्या पवनचक्क्यांवर माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ च्या अहवालात टीका केली, ती नियमातल्या याच सवलतीच्या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. धूर निघत नाही म्हणून आघात नाही, हे गृहीतच चूक आहे. मी पवनऊर्जेच्या बाजूचा आहे. कोळसा बंद व्हायचा असेल तर वाऱ्याशिवाय महाराष्ट्राला गत्यंतर नाही. म्हणूनच ही सूट जावी असं मला वाटतं.

जिथे उघड सुनावणी नाही तिथे व्यवहार दाराआड होतात, आणि दाराआड गेलेल्या पैशावर गुंड हक्क सांगतात. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. तपास यंत्रणेच्या आरोपपत्रानुसार त्या हत्येच्या मुळाशी एका पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेली दोन कोटींची खंडणी होती. महाराष्ट्र त्या बातम्यांनी हादरला, आम्ही इथे बसून रात्र रात्र त्या वाचल्या. आरोपींना शिक्षा व्हावी यावर सगळे बोलले. पण गावात प्रकल्प येतो तेव्हा कंपनी कुणाला किती पैसे देते, जमिनीला काय भाव, ग्रामपंचायतीला काय, हे सगळं ग्रामसभेपुढे लिहून ठेवणं सक्तीचं असतं तर खंडणीखोराची जागा किती अरुंद झाली असती, यावर फारसं कुणी बोललं नाही.

इथल्या मराठी मित्रांशी बोलताना एक वाक्य मी नेहमी ऐकतो: "स्विस लोकांना शिस्त आहे, आपल्याकडे मतदानाने असं काही ठरणं शक्य नाही." हे ऐकून मला राग येतो. महाराष्ट्राच्या गावांत दारूचं दुकान बंद करायला 'आडवी बाटली, उभी बाटली' मतदान होतं. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात, ही अट सँत-क्रुआच्या ५३ टक्क्यांपेक्षा कितीतरी कडक आहे. आणि तरी बायकांनी ती जिंकून दाखवली आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने आपल्या जंगलाचे निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीने घेतले आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. जी गावं हे करू शकतात त्यांना पवनचक्कीबद्दल विचारायला काय अडचण आहे?

स्विस व्यवस्थेची भलामण मी करत नाही. गावाने कौल दिल्यावर नऊ वर्षं तो अडवून ठेवता येतो ही इथली मोठी खोट आहे, आणि या काळात देश हिवाळ्यात शेजाऱ्यांची वीज वापरत राहिला, ज्यात कोळशाचाही वाटा होता. हरकतींना मुदत हवी. कौल लागल्यावर न्यायालयाने वर्षभरात निकाल द्यावा असा नियम हवा. आपण त्यांचं मतदान घ्यावं, त्यांची दिरंगाई घेऊ नये.

ही चर्चा साताऱ्यासाठी जुनी झालेली नाही. सड्यावरच्या पहिल्या पवनचक्क्यांचं आयुष्य आता संपत आलं आहे. साडेतीनशे किलोवॅटच्या यंत्रांच्या जागी आज कित्येक पटींनी मोठं एकच यंत्र बसू शकतं. दोन मेगावॅटहून कमी क्षमतेची जुनी यंत्रं बदलण्यासाठी केंद्र सरकारचं धोरण डिसेंबर २०२३ मध्ये आलं. म्हणजे येत्या काही वर्षांत पठारावर पुन्हा क्रेन येणार, रस्ते पुन्हा रुंद होणार, करार नव्याने होणार. यंत्रांची संख्या कमी होऊन जमीन मोकळीही होऊ शकते. ती कुणाला परत मिळणार? जुन्या यंत्रांचे सिमेंटचे पाये कोण काढणार? पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात काम थांबणार का? ग्रामपंचायतीला दर युनिटमागे काही वाटा मिळणार का? हे प्रश्न विचारायची वेळ कराराच्या आधी असते.

आणि इथे आमच्यासारख्यांचा थेट संबंध येतो. पुणे, मुंबई, दुबई, झुरिक, न्यू जर्सी, कुठेही असलो तरी आमच्यापैकी कितीतरी जणांची नावं अजून सड्यावरच्या सातबाऱ्यावर आहेत. एजंटाला गावात राहणाऱ्या चुलत्याची सही मिळवण्यापेक्षा आमची सही मिळवणं सोपं जातं, कारण आम्हाला तिथला आवाज ऐकू येणार नाही आणि चार पैसे मिळाले तर बरंच वाटतं. असं कुलमुखत्यारपत्र तुमच्याकडे आलं तर सही करण्याआधी गावात फोन करा, आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागवून घ्या. ठराव नसेल तर सही करू नका.