कुणाला कळतंय?

"काका, गाणं फास्टच हाय की. आणि जरा फास्ट झालं तर कुणाला कळतंय?"

हे वाक्य डीजेवाल्या पोराचं. सांगलीच्या विश्रामबागेतलं मंगल कार्यालय, रविवारची रात्र, दहाला वीस कमी. दहानंतर स्पीकर बंद, अजून चार कार्यक्रम बाकी. म्हणून त्यानं यंत्रावरची एक पट्टी अंगठ्यानं सरकवली आणि उरलेली सगळी गाणी पळवली. नाचणाऱ्यांचं काय जातंय, एक गिरकी कमी. माझं गाणं रॅपचं होतं.

भाचीचं संगीत. पूर्वी लग्नात मामाला एकच काम असायचं, नवरीला बोहल्यावर घेऊन यायचं. तेवढं मला जमतं. पण भाचीनं फर्मान काढलं, मामानं गायचं. तेही हिंदी-पंजाबी-इंग्रजीचा काला आणि मध्ये रॅप असलेलं. भाचा धीर द्यायला म्हणाला, "मामा, हे काहीच नाही. अमेरिकेतल्या एमिनेमच्या २०१३ च्या 'रॅप गॉड'मध्ये सहा मिनिटांत १५६० शब्द आहेत, गिनीज बुकात नोंद आहे." एवढे शब्द आमच्या घराण्याच्या लग्नपत्रिकेत, सगळे प्रेषक, कार्यवाहक आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' धरूनसुद्धा भरत नाहीत.

यूट्यूबवर माझ्या गाण्याचा वेग अर्धा केला. अर्ध्या वेगात तो गायक उशिरा घरी आलेल्या माणसासारखा बोलतो. पाऊणपटीला माझी जीभ टाळूला चिकटायची. पूर्ण वेगाला बायकोनं घरात बंदी घातली, म्हणून पहाटे आमराई बाग गाठली. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं, तिथं मी कागद धरून 'याँ याँ ब्रो ब्रो' करत बाकावर बसलो होतो.

समोर एक टोपीवाले तात्या थांबले. बराच वेळ बघत राहिले.

"शिव्या घालताय का मंत्र म्हणताय?"

"गाणं आहे."

"चाल कुठाय?"

"याला चाल नसते, तात्या. ठेक्यात भराभर बोलायचं."

"मग गाणं कशाला म्हंता? पुकारा म्हणा की."

तात्यांची हयात मार्केट यार्डात, अडत दुकानात, हळदीच्या सौद्याला पुकारा करण्यात गेलेली. त्यांनी काठी बाकाला टेकवली, उपरणं सावरलं, डावा हात कानाशी नेला आणि सुरू झाले: "बारा बारा बारा हजार, बारा एक, बारा दोन, बोला बारा तीन, शेट बघा माल, कांडी बघा, मोडून बघा, बारा चार, गेली गेली बारा पाच..." एक अक्षर गिळलं नाही. चालणारे थांबले. पलीकडे नाक धरून अनुलोम-विलोम करणाऱ्या एका गृहस्थांनी नाक सोडलं आणि ओरडले, "तेरा!"

"तुमी बसा वो शेट, माल न्हाई इथं," तात्या म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तुमचा दम कुठं जातोय सांगू? तुमी आकड्याच्या मधी श्वास घेताय. आकडा फोडायचा न्हाई. गिऱ्हाईक डोकं खाजवतंय तवा घ्यायचा, नाकानं, गपकन. त्येला कळता कामा न्हाई."

"पण यात कुणी डोकं खाजवत नाही. गायक थांबतच नाही."

"माणूस हाय न्हवं त्यो?"

मग सांगावं लागलं की स्टुडिओत पुष्कळदा तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करतात, मधले श्वास कापून टाकतात, मग सगळं जोडतात. तात्यांनी काठी उचलली.

"म्हंजे वजनात मारलेलंच की. आमच्यात असं केलं असतं तर दुकान बंद झालं असतं."

तरी रोज येऊन त्यांनी माझ्या कागदावर पेन्सिलनं श्वासाच्या फुल्या मारून दिल्या. इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण फुली नेमकी जिथं हवी तिथंच. खरं सांगतो, तयार झालो होतो. आमराईत येणारी पोरं 'काका, वन्स मोअर' म्हणायला लागली होती.

आता त्या वाढवलेल्या वेगात फुलीला जागाच उरली नाही. मी पहिल्या कडव्यात, ट्रॅक दुसऱ्यात, आणि समोर पाहुणे आइस्क्रीमच्या रांगेत. गाणं संपल्यावर मावशी म्हणाली, "पाठांतर चांगलं आहे हो तुझं."

पण वीस मिनिटांवर गाडी आली कशी, हे कुणी विचारत नाही. आठ वाजल्यापासून नऊपर्यंत सत्कार चालले होते. व्याही, व्याह्यांचे साडू, आजी-माजी नगरसेवक, कुणाच्या तरी पतसंस्थेचं अख्खं संचालक मंडळ. प्रत्येकाला फेटा, शाल, नारळ आणि फोटो. एकाचा फेटा सुटला तर परत बांधला, परत फोटो. निवेदक प्रत्येक नावाआधी 'ज्यांच्याविषयी बोलावं तेवढं थोडं' म्हणून बोलतच होता. त्याची पट्टी सरकवायला कुणाचा अंगठा पुढे झाला नाही. शिवाय त्या डीजेचे पैसे ठरल्याप्रमाणे पूर्ण गेले. कमी वेळात गाणी उरकली म्हणून त्यानं दहा रुपये सोडले नाहीत. मी विचारून बघितलं.

काल फोटोग्राफरनं व्हिडिओ ग्रुपवर टाकला. त्यात मी आहे, माईक आहे, मानेच्या शिरा आहेत, आणि माझा आवाज काढून त्या जागी सनई लावली आहे. खाली मेव्हण्यानं लिहिलंय, "अप्रतिम गायन."