दोन बदाम आणि एक सत्ती

मेंढीकोटावर वाढलेल्या माणसाने ब्रिजच्या वाटेला जाऊ नये. आमच्याकडे बदाम म्हणजे बदामच असायचे. पण रविवारी शेजारच्या काकांना चौथा भिडू मिळेना, आणि मी नेमका घरी सापडलो.

काकांनी आधी शिकवणी घेतली. एक्क्याचे 4 गुण, राजाचे 3, राणीचे 2, गुलामाचा 1. त्यांनी 'एक नोट्रम्प', म्हणजे बिनहुकमी डावाची बोली, म्हटली की त्यांच्याकडे 15 ते 17 गुण आणि चारही रंग बऱ्यापैकी सारखे. इथवर ठीक.

"मग तू दोन किलवर म्हणालास, तर किलवरचा काही संबंध नाही. तू मला विचारतोयस, की बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का?"

"मग तसंच विचारतो ना, काका."

काकांनी डोळे मिटून घेतले.

लहानपणी आई आणि आत्या आमच्यासमोर लाडवांबद्दल च-च्या भाषेत बोलायच्या, त्यातला हा प्रकार. ती भाषा आम्हाला चार दिवसांत फुटली होती. ही दोन किलवरची युक्ती सॅम्युएल स्टेमन या ब्रिजपटूच्या नावाने चालते. 1945 साली त्यांनी तिच्यावर लेख लिहिला. मुळात ती सुचली होती त्यांचे भिडू जॉर्ज रपे यांना. भिडूच्या नशिबी काय असतं, ते तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढचा धडा ट्रान्सफरचा. पाच बदाम असले तर 'चौकट' म्हणायचं, पाच इस्पिक असले तर 'बदाम'. म्हणजे खरा रंग काका बोलतात, डाव ते खेळतात आणि त्यांची भारी पानं झाकलेली राहतात.

काका म्हणाले, "एक नोट्रम्प." माझ्याकडे राजासकट पाच बदाम, एकूण गुण सहा. आनंदाच्या भरात मी म्हणालो, "दोन बदाम."

"दोन इस्पिक," काका.

यांना ऐकू कमी येतं की काय? मी जरा मोठ्याने म्हणालो, "तीन बदाम!"

"चार इस्पिक."

दोनदा इस्पिक म्हणतोय माणूस, सहा-सात तरी असणार! मी पास. डावीकडच्या, विरुद्ध जोडीतल्या आजींनी गोड हसून डबल दिला, म्हणजे डाव बुडाला तर दंड वाढणार.

डमी मी, म्हणजे पानं उघडी मांडून गप्प बसणारा. हुकमाची पानं उजवीकडे मांडायची असतात. तिथे मी इस्पिकची सत्ती ठेवली. काका पुढच्या पानाची वाट बघत राहिले.

काकांकडे इस्पिक तीन होते. बोलीपेक्षा पाच हात कमी पडले, 1100 गुण आजींच्या खात्यात गेले. काका काही बोलले नाहीत, फक्त चहात साखर दोनदा घातली.

तासाभराने पुन्हा काकांचं 'एक नोट्रम्प'. पुन्हा माझ्याकडे पाच बदाम. या वेळी मनात तीनदा घोकलं आणि ठणकावून म्हणालो, "दोन चौकट!"

"पास," काका म्हणाले.

डाव मलाच खेळायचा होता, आणि माझ्या हातात चौकटची दोनच पानं.

"अहो काका, ट्रान्सफर होता!"

"असं होय? मला वाटलं, तू आहेस, तर चौकटच असतील."