सोप्या धावेचा आकडा वयातून निघत नाही

मुंबई मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की पळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो: '२२० मधून वय वजा करा, उरलेल्याचे ७० टक्के काढा. सोप्या धावेत ठोके त्याच्या वर गेले की चरबी जळणं थांबतं, मेहनत वाया जाते. घड्याळ सांगेल तसंच पळा.' यातली एक गोष्ट खरी आहे. आपण बहुतेक जण सोपी धाव गरजेपेक्षा जोरात पळतो. बाकीचं मात्र तपासायला हवं, कारण याच मेसेजपायी दर दोन मिनिटांनी थांबून चालणारी आणि शेवटी कंटाळून पळणंच सोडणारी माणसं मी पाहिली आहेत.

आधी ते २२०. हृदयाचे ठोके मिनिटाला जास्तीत जास्त किती पडू शकतात, म्हणजे कमाल ठोके किती, याचा अंदाज '२२० वजा वय' देतं. हे सूत्र रूढ झालं १९७१ साली, फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या लेखामुळे. त्यासाठी मुद्दाम कुणाचे ठोके मोजले नव्हते. आधीच्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. मोठ्या गटाच्या सरासरीला तो चालतो. पण एकाच वयाच्या माणसांचे कमाल ठोके सरासरीच्या १०-१२ वर किंवा खाली असणं सामान्य आहे आणि साधारण तिघांतल्या एकाचा फरक त्याहूनही जास्त असतो. २००१ मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी '२०८ वजा वयाच्या ०.७ पट' असं सूत्र दिलं. त्याने सरासरी सुधारली, माणसामाणसांतला फरक तसाच राहिला.

समजा, एक बाई ४५ वर्षांच्या आहेत. मेसेजप्रमाणे कमाल १७५, मर्यादा १२२. पण त्यांची खरी कमाल १८७ आणि सकाळी अंथरुणातली नाडी ५५ असेल तर? कार्व्होनेन पद्धतीत या दोन्हींतल्या अंतराचे, म्हणजे १३२ चे, ७० टक्के काढून त्यात ५५ मिळवतात. उत्तर येतं १४७. टक्के तेच आणि फरक २५ ठोक्यांचा! १२२ च्या खाली राहायचं तर त्यांना चालावंच लागेल.

चरबीचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. शरीरात चरबी बंद करून साखर सुरू करणारं बटण नाही. दोन्ही इंधनं एकाच वेळी जळत असतात. वेग वाढतो तसा साखरेचा वाटा हळूहळू वाढत जातो. एक ठोका वर गेल्याने काहीही वाया जात नाही.

घड्याळाचं म्हणाल तर मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर पट्टा सैल असेल तर फसतो. कधी कधी तो नाडीऐवजी पावलांचीच लय पकडतो आणि निवांत धावेतही १७० दाखवतो. छातीचा पट्टा बराच भरवशाचा. शिवाय आपल्याकडचा ऑक्टोबर आणि मे आठवा. उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, घामाने त्यातलं पाणी कमी होतं आणि त्याच वेगाला ठोके चढत जातात. रक्तदाब किंवा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकरची गोळी घेणाऱ्यांचे ठोके मुळातच दबलेले असतात. त्यांनी हे सूत्र वापरूच नये, मर्यादा डॉक्टरांना विचारावी.

मग आकडा शोधायचा कसा? श्वासातून. सपाट रस्त्यावर, थंड सकाळी, २० मिनिटं पळून झाल्यावर एकोणीसचा पाढा मोठ्याने म्हणा. मध्ये धाप न घेता दोन-तीन ओळी सलग जात असतील तर तुम्ही सोप्या धावेत आहात. आता थोडा वेग वाढवा. प्रत्येक ओळीनंतर श्वास घ्यावा लागू लागला की तिथले ठोके पाहा. ती तुमची वरची हद्द. तीन-चार आठवडे असं टिपून ठेवलं की आकडे एका पट्ट्यात जमू लागतात. तो पट्टा तुमचा. शेजारी पळणाऱ्याला उपयोगाचा नाही. उन्हाळ्यात मात्र घड्याळ आणि श्वास यांचं जमलं नाही, तर वेग कमी करा आणि पुन्हा पाढा म्हणून पाहा.