बॉनहॅमचा ड्रम नुसत्या ताकदीवर घुमत नव्हता

लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमवादक जॉन बॉनहॅम याच्याबद्दल एक मत सगळीकडे फिरतं: माणूस दांडगा, पायाखाली दोन पेडल, ड्रमभोवती डझनभर माइक, म्हणून तसा आवाज निघाला. हे खरं मानून शिकणारे नुसतं बडवत बसतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी दोन पेडल. १९६९ च्या पहिल्या अल्बममधल्या ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’मध्ये तिनाच्या गटात पहिला ठोका हाताचा, पुढचे दोन बेस ड्रमचे, म्हणजे पायाच्या पेडलने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचे. ते दोन्ही एकाच पायाने, एकाच पेडलवर वाजवलेले आहेत. तुम्हाला जमवायचं असेल तर टाच उचला, पहिला ठोका मारा आणि पाय किंचित पुढे सरकवत दुसरा घ्या. बहुतेकांचा बीटर (ड्रमवर आदळणारा पेडलचा दांडा) पहिल्या ठोक्यानंतर हेडवरच, म्हणजे ड्रमच्या पडद्यावरच, दाबलेला राहतो, मग दुसरा ठोका दबका निघतो. पेडलची स्प्रिंग फार सैल असली तरी हेच होतं.

ताकद त्याच्याकडे होतीच. पण ‘फूल इन द रेन’ (१९७९) ऐका. स्नेअरच्या (स्टिकने वाजवायच्या, खणखणीत आवाजाच्या छोट्या ड्रमच्या) मोठ्या ठोक्यांमध्ये पेरलेले बारीक ठोके स्टिक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उचलूनच येतात. जोर लावला की ठेका मोडतो. आवाजाचं वजन येतं ड्रममधून. त्याचा लडविग कंपनीचा बेस ड्रम २६ इंची, हेड ताणलेली. उशी कोंबलेला २२ इंची ड्रम कितीही बडवा, खट्‌ करून थांबेल.

माइकचा दावा तर साफ उलटा आहे. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ (१९७१) हे गाणं इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घरात ध्वनिमुद्रित झालं. ड्रम जिन्याच्या तळाशी आणि वर जिन्यात बायर कंपनीचे दोन एम१६० रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीने आवाज पकडणारे). बेस ड्रमला वेगळा माइकच नाही. तंत्रज्ञ अँडी जॉन्स यांनी तो आवाज कॉम्प्रेसरमधून काढला आणि बिन्सन इकोरेक या यंत्राचा प्रतिध्वनी जोडला. कॉम्प्रेसर ठोक्याचं टोक दाबतो, त्यामुळे मागे उरलेला जिन्याचा घुमार वर येतो. खोली हेच इथे वाद्य होतं. निर्माता जिमी पेज यांचं मोठेपण यात आहे: या गाण्याच्या ड्रमचा आवाज मिक्सिंगच्या आधी, जागा निवडतानाच ठरवला. पुढे १९८६ मध्ये बीस्टी बॉइज या हिप-हॉप गटाने हाच ठेका उचलला.

जास्त माइक लावले की काय बिघडतं? आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. बेस ड्रमचा माइक आणि वरचा माइक यांच्या अंतरात १.७ मीटरचा फरक पडला तर ५ मिलिसेकंदांची दिरंगाई होते, म्हणजे १०० हर्ट्झला अर्धी लहर. दोन्ही मिसळले की उलट्या लहरी एकमेकींना खातात, नेमका तिथला दम कापला जातो, आणि लोक इक्वलायझरवर (आवाजाचे जाड-बारीक भाग कमीजास्त करायच्या साधनावर) बेस वाढवत बसतात. त्यापेक्षा दोनच माइक घ्या, स्नेअरच्या मध्यापासून दोरीने मोजून सारख्या अंतरावर ठेवा, आणि आधी खोली बदलून पाहा.