‘काहीच कायमचं डिलीट होत नाही’ म्हणे!

सांगलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीची साफसफाई निघाली की कपाटाच्या तळातून जुन्या हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, लग्नाच्या डीव्हीडी वर येतात आणि महिनाभर माझ्याकडे तीच गर्दी असते. यंदा डिस्कबरोबर एक मेसेजही आला. पाच ग्रुपांतून आला, त्यातला एक आमच्या चुलतभावांचाच. मेसेज असा:

“बॅकअपमधले फोटो गायब? उघडत नाहीत? टेन्शन घेऊ नका! कॉम्प्युटरमधून कुठलीच गोष्ट कायमची डिलीट होत नाही. फोल्डर रिकामं दिसलं तर फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका, १०० टक्के फोटो परत. फोटो उघडत नसेल तर नावापुढे जेपीजी लिहा. तरी नाही झालं तर चेकडिस्क चालवा. अर्धा करडा झालेला फोटो एआयच्या वेबसाइटवर टाका, दोन मिनिटांत दुरुस्त. डिस्क टकटक करत असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये, भिजली असेल तर तांदळात. क्लाउड चालू असेल तर यातलं काहीच करायला नको. दुकानदार हे सांगणार नाहीत!!”

दुकानदार मीच, तेव्हा सांगतो. यातलं सगळं खोटं असतं तर सोपं होतं. जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी डिस्कबद्दल कधी तरी खरं होतं. म्हणूनच ते पाळून लोक माझ्याकडे येतात, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

‘कायमची डिलीट होत नाही’ हेच घ्या. चकतीवाल्या हार्ड डिस्कबद्दल ते बऱ्यापैकी खरं आहे. तिथे फाइल उडवली की फक्त तिची नोंद रद्द होते. फोटो आहे त्या जागी पडून राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फॅट३२ या फाइलींच्या नोंदी ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर तर नोंदीतलं पहिलं अक्षर तेवढं खोडलं जातं. पण आताच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, म्हणजे चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल गेली की विंडोज एसएसडीला ‘ट्रिम’ नावाचा निरोप धाडते: ही जागा आता नको. मग एसएसडी ती जागा आपल्या सवडीने पुसून घेते, आणि ही सवड तिला पुष्कळदा तुमचा चहा होण्याआधीच मिळते. त्यानंतर त्या जागी शून्यांशिवाय काही वाचता येत नाही, दुकानदार कितीही हुशार असो. यूएसबीने बाहेरून जोडलेल्या एसएसडीत हा निरोप प्रत्येक वेळी पोचतोच असं नाही, तेवढीच काय ती आशा.

‘फोल्डर रिकामं दिसलं तर रिकव्हरी सॉफ्टवेअर टाका.’ थांबा. आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये किती जागा भरलीय ते बघा. गेल्या आठवड्यात एक बाई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. शाळेच्या सहलींचे फोटो होते, आता आत एक शॉर्टकट आणि बाकी शुकशुकाट. प्रॉपर्टीजमध्ये मात्र २८ जीबी भरलेली. रिकाम्या ड्राइव्हवर २८ जीबी कशाने भरतील? हा आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांतून पसरणारा नेहमीचा शॉर्टकट व्हायरस. तो फोटोंना हात लावत नाही, फोल्डरांवर ‘लपलेलं’ आणि ‘सिस्टीमचं’ असे दोन शिक्के मारतो. व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्स चालू केलं, तरी ती फोल्डरं दिसत नाहीत, कारण दुसरा शिक्का शिल्लक असतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची खूण काढली की सगळं जागच्या जागी. फक्त त्या शॉर्टकटवर क्लिक करायचं नाही, आणि ॲन्टिव्हायरस फिरवायचा. त्या बाईंनी मेसेज वाचून तीन रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवली होती, नशिबाने लॅपटॉपवर.

दुसरी एक गंमत खास आपल्या लोकांची. बॅकअपचा बॅकअप, त्यात ‘जुना लॅपटॉप’, त्यात ‘डेस्कटॉप’, त्यात ‘नवीन फोल्डर २’, त्यात पुन्हा ‘बॅकअप’. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा सगळा पत्ता २६० अक्षरांच्या पलीकडे गेला की अनेक प्रोग्रॅम हात टेकतात. फोटो दिसतो, उघडत नाही. मधल्या फोल्डरांची नावं ‘अ’, ‘ब’ अशी करा, उघडतो. आणि घरात सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवणारा, विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारा स्टोरेज डबा असेल, तर तिथे एका नावाला साधारण २५५ बाइटची मर्यादा असते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, त्यातही काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. ‘चि. सौ. कां.’पासून सुरू होऊन हळद, सीमांतपूजन आणि मोठ्या काकांच्या कॅमेऱ्यापर्यंत जाणारं फोल्डरचं नाव विंडोजवर सुखाने नांदतं आणि तिकडे कॉपी करताना मागे राहतं. हजारभर फाइलींच्या रांगेत ती एक सूचना कोण वाचतो? वर्षाने कळतं, हळदीचे फोटो नाहीत.

बरं, खरोखरच डिलीट झालेत, डिस्क चकतीवाली आहे, तर सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. फोटोरेक हे खरंच फुकट आणि खरंच चांगलं आहे. पण ते त्याच डिस्कवर उतरवायचं नाही आणि सापडलेले फोटोही त्याच डिस्कवर ठेवायचे नाहीत. हरवलेली अंगठी शोधायला त्याच जागेवर काँक्रीट ओतण्यातला प्रकार आहे तो. फोटोरेक नोंदवही बघतच नाही, डिस्क ओळीने वाचत जातं आणि जिथे फोटोची सुरुवात दिसेल तिथून उचलतं. त्यामुळे नावं जातात, फोल्डरं जातात, ‘एफ’पुढे एक लांबलचक आकडा एवढंच नाव उरतं. फोटो एकाच जागी सलग लिहिलेला नसेल तर अर्धाच निघतो. शिवाय लग्नाच्या आठशे फोटोंबरोबर ब्राउझरने साठवलेली बटणं, जाहिराती, चेहऱ्यांची चिन्हं अशी हजारो चित्रं येतात. आकाराप्रमाणे लावून बारकी उडवायची आणि उरलेली फोटोच्या आत लिहिलेल्या तारखेवरून लावायची, असा दोन दिवसांचा उद्योग होतो. ‘१०० टक्के’ हा शब्द कुठे बसतो ते तुम्हीच बघा.

आता माझ्या आवडीचा मुद्दा: ‘नावापुढे जेपीजी लिहा’. जेपीजी ही फोटो साठवायची एक पद्धत, पीएनजी ही दुसरी. पुरणपोळीच्या डब्यावर ‘श्रीखंड’ लिहिलं म्हणून आत श्रीखंड होत नाही. आत काय आहे ते बघायला सॉफ्टवेअर लागत नाही. फाइलची एक कॉपी करा, ती नोटपॅडमध्ये उघडा, सेव्ह मात्र चुकूनही करू नका. अगम्य चिन्हांचा चिवडा दिसेल. पहिल्याच ओळीत जेएफआयएफ किंवा एक्झिफ ही रोमन अक्षरं दिसली तर तो जेपीजी आहे. पीएनजी असेल तर पीएनजी हीच अक्षरं दिसतात. आणि सुरुवातीलाच एफटीवायपी आणि एचईआयसी दिसलं, तर फोटो धडधाकट आहे, फक्त आयफोनचा आहे. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन या पद्धतीने फोटो ठेवतो आणि जुन्या विंडोज १० ला ती पद्धत वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून तिची जोडणी घ्या, किंवा फोटो जेपीजीत बदलून घ्या. अशा फोटोंना ‘करप्ट’ म्हणून टाकून दिलेलं मी पाहिलंय. आईच्या साठीचे होते.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्याचं चालून जातं. आयट्यून्सने कॉम्प्युटरवर घेतलेला आयफोनचा बॅकअप उघडलात तर चाळीस-चाळीस अक्षरी आकडेमोडीच्या नावांच्या हजारो फाइली दिसतात, एकालाही जेपीजी नाही की काही नाही. त्यातल्या काही खरोखर जेपीजी असतात आणि नाव बदललं की उघडतात. बहुधा हेच कुणी तरी पाहिलं आणि सगळ्या जगाला लावून टाकलं. कुठली फाइल कुठल्या फोटोची याची यादी त्याच बॅकअपमध्ये मॅनिफेस्ट नावाच्या डेटाबेसमध्ये असते, ती वाचणारा प्रोग्रॅम वापरला की अल्बम नीट निघतो. बॅकअपला पासवर्ड लावला असेल आणि तो आठवत नसेल, तर मात्र नाव बदलून, डोकं आपटून, काही होत नाही. आणि फोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेल, तर या बॅकअपमध्ये ते फोटो मुळात येतच नाहीत. लोक शोधत बसतात.

नोटपॅडमध्ये काहीच ओळखीचं दिसलं नाही, नुसतं कोरं, तर पुढची परीक्षा याहून सोपी. फाइलीवर राइट क्लिक करून तिची झिप करा. फोटो आधीच दाबून बसवलेला असतो, ४ एमबीचा फोटो झिप करून जवळपास ४ एमबीच राहतो. तो जर ४-५ केबीवर आला, तर आत एकाच गोष्टीची रांग आहे: शून्य, शून्य, शून्य. कॉपी चालू असताना वीज गेली, पेनड्राइव्ह ओढून काढला, की असं होतं. नाव आहे, साइज आहे, फोटो नाही. काही शे रुपयांत ‘२ टीबी’चे पेनड्राइव्ह मिळतात ना, त्यांचंही हेच. आत खरी जागा ३२ जीबी वगैरे, बाकी नुसतं खोटं बोलणं. फाइलींची यादी सुरुवातीच्या जागेत लिहिली जाते म्हणून दहा हजार नावं दिसतात, पण खरी जागा संपल्यावर आलेले फोटो कुठेच लिहिलेले नसतात, नाही तर एकमेकांवर लिहिलेले असतात. हे कुणीच परत आणू शकत नाही. नवा पेनड्राइव्ह घेतला की एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं साधन आधी एकदा चालवा, ते ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचून बघतं.

‘चेकडिस्क चालवा’ला मी सगळ्यात जास्त घाबरतो. ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड. नुसती चालवली तर ती फक्त वाचते. पुढे एफ किंवा आर लावला की ती डिस्कवर लिहायला लागते. तिचं काम तुमचे फोटो वाचवणं नाही, नोंदवही सुसंगत करणं आहे. हिशेब जुळत नसलेली पानं ती फाडते आणि तुकडे एका ‘फाउंड’ फोल्डरात सीएचके नावाने टाकते. त्यातला एखादा तुकडा फोटो निघतोही. पण मरायला टेकलेल्या डिस्कवर आर लावणं म्हणजे छातीत कळ आलेल्याला गड चढायला लावणं. तिथे आधी जीएनयू डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने सगळ्या डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यायची. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागा टिपून ठेवतं आणि शेवटी तिकडे वळतं. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर.

एआयची वेबसाइट. जेपीजीत फोटो वरून खाली ओळीने लिहिलेला असतो, मधला तुकडा गेला की खालचं गणित चुकतं आणि करडा पट्टा येतो. फक्त सुरुवातीचा मथळा बिघडला असेल, तर त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच सेटिंगच्या दुसऱ्या फोटोचा मथळा लावून चित्र खरोखर परत येतं. पण करड्या जागी जे नाहीच, तिथे एआय काढेल तो कुणाचा तरी चेहरा असेल, तुमच्या आजोबांचा नव्हे. त्याऐवजी फाइलीच्या आत बघा: कॅमेरे बहुधा १६० बाय १२०चं छोटं चित्र आत ठेवतात, आणि मोठा फोटो बिघडला तरी ते पुष्कळदा शाबूत असतं. छापायला अंगठ्याच्या नखाएवढं, पण खरं.

फ्रीझरवर वेळ घालवत नाही. चकतीपासून वाचणारं टोक काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, थंड डिस्क बाहेर काढल्यावर आत दव धरलं की टोक त्यावर आपटणार. तांदळाचं मात्र सांगायला हवं, कारण आपला भाग पुराचा. २०१९ च्या ऑगस्टनंतर चिखलाने माखलेल्या डिस्क माझ्याकडे पोत्यातून आल्या होत्या, आणि २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तिकडच्या ओळखीच्यांना मी फोनवर हेच सांगत होतो: वाळवू नका, उन्हात ठेवू नका, ‘चालू होते का’ म्हणून वायर लावू नका. गाळ वाळला की चकतीवर चिकटतो. ओलसर फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, आतली डिस्क उघडण्याची स्वच्छ खोली ज्यांच्याकडे आहे अशा ठिकाणी पाठवायची. माझ्याकडे ती नाही, मी अशा डिस्क उघडत नाही. आणि तांदूळ भातासाठी ठेवा.

राहिला क्लाउड. फोन आणि क्लाउड यांच्यात बरेचदा आरसा असतो: इथे पुसलं की तिथे पुसलं. मॅकवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल तर अनेक फोटोंच्या मूळ प्रती मॅकवर नसतातच, मग टाइम मशीनच्या, म्हणजे मॅकच्या स्वतःच्या बॅकअपच्या, डिस्कवर त्या कुठून येणार? विंडोजवर वनड्राइव्हच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या, फाइलीपुढे ढगाचं चिन्ह दिसलं तर प्रॉपर्टीज उघडा. साइज ४ एमबी आणि त्याखाली ‘साइज ऑन डिस्क’ ० बाइट. फोटो इथे नाही, फक्त त्याची पाटी आहे. अशा पाट्यांचा लॅपटॉप फॉरमॅट करून आणि क्लाउडचं खातं जागा संपली म्हणून रिकामं करून एक जण आला होता. बॅकअप दोन होते म्हणाला, एक लॅपटॉपवर, एक क्लाउडवर.

क्लाउडचा एक खरा उपयोग मेसेजवाल्याने सांगितलाच नाही, तो म्हणजे कचऱ्याची टोपली. गूगल फोटोजवर चढलेला फोटो डिलीट केला तर ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, चढलेला नसेल तर ३०. आयफोनच्या ‘रीसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस, घरगुती वनड्राइव्हच्या टोपलीत ३०. तेव्हा ज्यांचे फोटो याच महिन्यात गेलेत त्यांनी सॉफ्टवेअर, फ्रीझर, माझं दुकान, सगळं बाजूला ठेवून आधी ती टोपली उघडावी. माझ्याकडे आलात तरी मी पहिलं तेच उघडतो, आणि त्याचे पैसे घेत नाही.