याद्यांबद्दल : नंदगडच्या बंधूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम सलाम.

सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयातून, बाहेर पडलेल्या पदवीधरांशी नातं कसं टिकवावं, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली 'नंदगडचा एक पाळक' या नावाने आलेली प्रतिक्रिया अशी आहे : "मॅडम, टिळकवाडीत फॅनखाली बसून एक्सेलच्या याद्या केल्याने कोणी जोडलेलं राहत नाही. सेमिनरी सर्वांना सामावून घेण्याच्या गोष्टी शिकवून पाठवते, आणि मंडळीत त्या बोलल्यामुळे बदली झाली की कोणी विचारत नाही. येण्याजाण्याचा खर्च सेमिनरीने द्यावा. आणि संमेलन नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ठेवा म्हणता, एक तारखेला बेळगावात काय असतं ते ठाऊक नाही का?"

शेवटून सुरुवात करते. तारखेबद्दलची सूचना रास्त आहे. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांची काळ्या दिनाची निषेधफेरी, जागोजागी बंदोबस्त. निपाणीहून किंवा चंदगडहून निघालेला माणूस वेळेवर पोहोचेलच असं नाही. शिवाय खानापूरकडे भाताची सुगी त्याच सुमारास असते. जानेवारीचा शेवटचा आठवडा बरा. नाताळची धावपळ संपलेली असते आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झालेला नसतो. तारीख बदलू. हे तुमचं श्रेय, आणि ते मी मनापासून देते.

आता पहिलं वाक्य. "फॅनखाली बसून" हे शब्द एका पाळकाने का लिहावेत? तुम्ही मला ओळखत नाही. मी पाळकाच्या घरात वाढले आहे, दर बदलीला पार्सोनेजमधलं, म्हणजे पाळकाच्या निवासातलं, सामान बांधलेलं पाहिलं आहे, आणि त्यानंतर वडिलांना विचारायला कुणाचाही फोन येत नसे हेही पाहिलं आहे. त्यामुळे एकटं पडणं काय असतं हे मला नंदगडहून शिकवावं लागणार नाही. मतभेद असू द्या, पण उपदेशपीठावरून जे आपण बोलणार नाही ते नाव झाकून लिहिण्यात काय थोरवी?

आणि याद्या. तुम्ही तो शब्द ज्या सुरात वापरलात, त्यावरून यादी म्हणजे तुम्हाला कारकुनी वाटते असं दिसतं. म्हणून ती कशाची असते आणि का लागते ते सविस्तर सांगते.

आपल्या भागात पदवीधरांचा पत्ता ठेवणारं एकही कार्यालय नाही, याचं कारण आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात आहे. बेळगावात १८२० मध्ये लंडन मिशनने काम सुरू केलं, १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांकडे आलं. धारवाडकडची मंडळी १९४७ च्या चर्च ऑफ साउथ इंडियाच्या उत्तर कर्नाटक धर्मप्रांतात, तर सीमेपलीकडे कोल्हापूरकडची १९७० च्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात. एकाच वर्गात एकाच बाकावर बसलेले तिघे पदवीनंतर तीन वेगळ्या व्यवस्थांत जातात, दोन राज्यांत जातात, आणि कुठल्याच बिशपांच्या कार्यालयाला इतर दोघांची नोंद ठेवण्याचं कारण नसतं. त्यांना एकत्र बांधणारी जागा सेमिनरी हीच. तिने नोंद ठेवली नाही तर ती कुणीच ठेवत नाही.

त्यात मेथडिस्टांची नेमणूक कॉन्फरन्समध्ये, म्हणजे त्यांच्या अधिवेशनात, वाचली जाते. वाचली की सामान हललं. म्हणजे पत्ता दर कॉन्फरन्सनंतर तपासायचा असतो, वर्षातून एकदा 'सवडीने' तपासून चालत नाही. नेमणुका वाचल्यानंतर पंधरा दिवसांत तपासला तर जुन्या मंडळीतला कुणीतरी नवा ठावठिकाणा सांगतो. सहा महिन्यांनी विचारलं तर तिथला कारभारीही बदललेला असतो.

फोनचे रकाने दोन लागतात, एक व्हॉट्सअॅपचा आणि एक वाजणारा. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला गेलेला माणूस तिथे ज्या कंपनीची रेंज मिळते तिचं सिम घेतो, आणि जुना नंबर नुसता व्हॉट्सअॅपपुरता उरतो. जून ते सप्टेंबर वीज गेली की टॉवरही जातो. त्या काळात घरमालकाचा किंवा शेजारच्या दुकानाचा नंबर हाच खरा नंबर. ब्रॉडकास्टवर विसंबणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की तो निरोप ज्यांनी पाठवणाऱ्याचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. शंभर जणांना पाठवला आणि चाळीस जणांकडे गेलाच नाही, हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. मग 'कोणी उत्तर देत नाही' अशी तक्रार सुरू होते.

नावाचे रकानेही दोन. प्रमाणपत्रावरचं नाव, आणि ज्या नावाने हाक मारायची ते. हा दुसरा रकाना नसेल तर सगळ्यात आधी हरवतात त्या भगिनी. लग्नानंतर आडनाव बदलतं, नवऱ्याची नेमणूक होते, आणि बी. डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी घेतलेली बाई पुढच्या यादीत 'पाळकांच्या सौ.' म्हणून उरते किंवा उरतच नाही. मेथडिस्टांमध्ये स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण हक्क १९५६ मध्ये मिळाले, चर्च ऑफ साउथ इंडियात पहिली स्त्री १९७६ मध्ये दीक्षित झाली. तरी आजही माजी विद्यार्थ्यांची यादी काढा म्हटलं की लोक नेमणुकांची यादी काढतात. ज्यांना नेमणूक मिळाली नाही, ज्या शाळेत शिकवतात, रुग्णालयात आजाऱ्यांसाठी प्रार्थनासेवा करतात, संस्थेत काम करतात, त्या सगळ्या गळतात. पदवी घेतलेला प्रत्येक माणूस, दीक्षा असो वा नसो, हा माझ्या यादीचा पहिला नियम आहे. जन्माच्या नावाने ज्यांना हाक मारून घ्यायची नाही अशांनाही याच रकान्याचा आधार आहे. जातीचा रकाना नाही, आणि तो कुणाच्याही आग्रहावरून येणार नाही.

मग संमतीचा रकाना. त्यात तीन पर्याय आहेत : नाव छापलेलं चालेल, फक्त फोन केलेला चालेल, किंवा फक्त अमुक एकाच व्यक्तीने फोन करावा. हा तिसरा पर्याय घेणारे असतात, आणि त्यांची कारणं आपल्याला ठाऊक आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं, पण मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीचं मत निकालाने बदलत नाही. आणि डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक इथेच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केलं. तेव्हापासून ख्रिस्ती बैठकीत कोण कोण आलं याचा कागद कुठे पडला आहे, याचा विचार करूनच तो लिहावा लागतो. तिसऱ्या पर्यायाची नावं संगणकात नसतात. ती वहीत, एकाच माणसाकडे. तुम्हाला 'एक्सेल' दिसलं, ही वही दिसली नाही.

यादीवरून पुढचं काम चालतं ते असं. एका माणसाकडे आठ ते दहा नावं, जास्त नाहीत. पंधरा दिली की तो सोयीच्या पाचांनाच फोन करतो. शनिवारी संध्याकाळी फोन नाही, रविवारी तर नाहीच. सोमवारी रात्री आठनंतर. नेमणुकीपासून सहा आठवड्यांच्या आत पहिला फोन, आणि त्यात 'कसं चाललंय' विचारायचं नाही, कारण उत्तर 'प्रभूच्या कृपेने बरं' एवढंच येतं. नेमकं विचारायचं. आधीच्या पाळकांनी बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं हाती दिली का? मुलांना मराठी माध्यमाची शाळा मिळाली का? उपासना कोणत्या भाषेत, आणि कन्नड वाचन कोण करतं? लग्नाचा परवाना कुणाकडे आहे? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे दीक्षा न झालेल्याला परवान्याशिवाय लग्न लावता येत नाही. नवा पाळक जातो, हंगामात एखादं घर अडून बसतं, पंच म्हणतात 'लावा हो, सही नंतर बघू'. त्याच वेळी त्याच्यापाशी विचारायला एक नंबर असला तर तो मोठ्या अडचणीतून वाचतो.

दुसरा फोन तिसऱ्या महिन्यात, आणि तो उपदेशाबद्दल. वर्गात शिकलेलं बहुतेक इंग्रजीत असतं. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल या आपल्या मराठी माणसाने दिलेल्या व्याख्यानापासून दलित ईश्वरविज्ञानाचा जो विचार उभा राहिला, तो परीक्षेत इंग्रजीतच लिहिला जातो. रविवारी तोच हुक्केरी तालुक्यातल्या मंडळीपुढे मराठीत आणि अर्धा कन्नडमध्ये मांडायचा असतो. इथे माणूस पहिल्यांदा गप्प होतो, आणि गप्प झाला की फोन उचलणंही कमी करतो. म्हणून पाच जणांचे छोटे गट करायचे. मंगळवारी रात्री चाळीस मिनिटं, येत्या रविवारचे बायबलमधले पाठ. व्हिडिओ नको, साधा कॉन्फरन्स कॉल, कारण रेंज तेवढीच असते. एकाने पाठ वाचायचे, एकाने आपल्या मंडळीत कोणता शब्द खटकेल ते सांगायचं, बाकीच्यांनी वाक्य कसं म्हणावं ते सुचवायचं. सहावा माणूस आला की बोलणं दोघांतच राहतं. मोठ्या व्हॉट्सअॅप गटात हे होत नाही. तिथे सकाळची वचनं, वाढदिवस आणि शोकसंदेश यांत कामाचा निरोप बुडतो आणि लोक गट म्यूट करतात.

सर्वाधिक गळती दुसऱ्या वर्षी होते. पहिल्या वर्षी सगळे नवं म्हणून विचारतात, दुसऱ्या वर्षी 'आता रुळला असेल' असं धरून फोन थांबतात. प्रत्यक्षात कमिटीशी पहिला खरा वाद बहुतेक दुसऱ्या वर्षीच होतो. त्यामुळे शेवटच्या बोलण्याच्या तारखेचा रकाना असतो, आणि नव्वद दिवस उलटले की ते नाव वर येतं. बंधू, हे लक्षात ठेवायला प्रेम पुरत नाही. प्रेम करणारी माणसंही विसरतात.

येण्याजाण्याच्या खर्चाबद्दल मागच्या लेखात लिहिलं आहे, पुन्हा वाचा. एवढंच सांगते की पैसे पोहोचल्या पोहोचल्या रोख हातात द्यावेत, पावत्या नंतर पाठवा म्हटलं की पुढच्या खेपेला माणूस येत नाही. आणि यादीत राहत्या राज्याचा रकाना त्यासाठीच आहे. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातल्या भगिनी राज्याच्या साध्या बसने मोफत येतात, चंदगड-गडहिंग्लजकडच्या भगिनींना ते मिळत नाही. सरसकट सारखी रक्कम दिली की ज्यांना गरज जास्त त्यांनाच कमी पडतं. हे फॅनखालीच कळलं.

राहिला बदलीचा मुद्दा. नेमणुका बिशप आणि कॉन्फरन्स ठरवतात, धर्मप्रांत ठरवतो. सेमिनरीच्या प्राचार्यांच्या पत्राने बदली थांबत नाही, आणि थांबावी अशी अपेक्षा ठेवणं व्यवस्थेला धरून नाही. त्या रात्री त्या घरी फोन गेला पाहिजे, एवढं आमच्या हातात आहे. त्यापुढे सेमिनरीने उघडपणे उभं राहावं की नाही, हा विषय मोठा आहे, या उत्तरात तो मावणार नाही. तुम्ही तो टोमण्यात उरकलात, मी तसं करणार नाही.

संमेलन आता जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी धरते. जागा सेंट्रल बस स्टँडवरून चालत जाण्याजोगी हवी, लहान मुलांसाठी एक वेगळी खोली हवी, आणि चार वाजता सगळं आटोपायला हवं, म्हणजे खानापूरच्या पश्चिमेकडच्यांना शेवटची बस मिळेल. त्या भागातल्या आठ नावांना फोन करायला अजून कुणी नाही. तुम्ही करणार असाल तर तुमचं नाव आणि दोन्ही नंबर मला खासगी निरोपात पाठवा, इथे खाली लिहू नका.