पावसाळी ट्रेकला निघताय? हे सामान विसरू नका

पाऊस लागला, रील फिरायला लागल्या, आणि तुमचंही ठरलं की या वीकेंडला गड. उत्तम. इतकी वर्षं सह्याद्री तुमच्याशिवाय कसा उभा राहिला, त्याचं त्यालाच ठाऊक. नवख्या माणसाची उगाच फजिती होऊ नये म्हणून काही अनुभवाचे बोल सांगून ठेवतो.

सुरुवात सॅकपासून. दोरी, शिट्टी, औषधांची पिशवी, कोरड्या कपड्यांचा जोड ही सगळी जुन्या लोकांची थेरं. पाण्याची दुसरी बाटली तर अजिबात नको. भरली की किलोभर वजन होतं, आणि त्याच जागेत दोन पॉवरबँका बसतात. ट्रायपॉड, ॲक्शन कॅमेरा, तो छातीवर बांधायचा पट्टा, सेल्फी स्टिक, गिंबल, ड्रोन, स्पीकर असं भरत भरत वर चार बोटं जागा उरली तर टॉवेल घ्या, नाहीतर राहू दे. तहान लागल्यावर शेजारचा ग्रुप असतोच. "दादा, पाणी आहे का?" एवढंच म्हणायचं. दादाने खालून तीन लिटर पाणी तुमच्यासाठीच वाहून आणलेलं असतं.

बूट पांढरेशुभ्र घ्या. फोटोत उठून दिसतात, दरीत शोधणाऱ्यांनाही बरं पडतं.

हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे धबधबे फुल्ल असल्याची सरकारी खबर. तोच दिवस धरा. त्यांच्या हिशेबात ‘अत्यंत जोरदार’ म्हणजे २४ तासांत २० सेंटिमीटरच्या वर पाऊस. एवढ्या पाण्यात स्लो मोशन काय सुंदर येतं!

गड निवडताना इतिहास, वाटा, पाण्याची सोय असलं काही बघू नका. सगळ्यात जास्त रील ज्याच्या, तो गड. उदाहरणार्थ हरिहर. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या, हात धरायला कोरलेल्या खोबण्या, आणि चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना मिळून तेवढी एकच वाट. रविवारी सकाळी बरोबर मध्यावर थांबायचं, मागे वळायचं आणि खालच्या मित्राला ओरडून सांगायचं, "परत घे रे, डोळे मिटले माझे!" तुमच्या मागे खोबणीत बोटं रुतवून जी माणसं ताटकळली आहेत, त्यांच्या पोटऱ्या थरथरत असतील तर तो त्यांच्या व्यायामाचा प्रश्न आहे. कळसूबाईच्या शिड्यांवरही हाच नियम. राज्यातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर. शिडीवर फोटोसेशन न करता वर जाणं बरं दिसत नाही.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडे जगाची मोहोर उठली, आता फक्त तुमची राहिली. टोकदार दगड घ्या, बदाम काढा, आत दोन अक्षरं कोरा. काही सज्जन खाली गावाचं नावही लिहितात, बहुधा तपासाला मदत व्हावी म्हणून. १९५८ च्या पुरातत्त्व कायद्याखाली केंद्र संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी पकडायला हवं, आणि पकडणारा त्या वेळी पार्किंगच्या भांडणात अडकलेला असतो.

ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला घ्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे एवढ्या छोट्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही. याचा सोयीस्कर अर्थ असा काढायचा की तो कुठेही उडवता येतो. कड्याच्या पोटात आग्यामोहळं लोंबत असतात, त्यांचा क्लोजअप जरूर घ्या. त्या दिवशी डिओसुद्धा भरपूर मारा आणि खालच्या बाजूला ओल्या लाकडांचा धूर करा. मधमाश्यांना वास आणि धूर आवडत नाही म्हणतात. तेवढीच भेट अविस्मरणीय होईल. तुमची नाही झाली तर मागून येणाऱ्या शाळेच्या सहलीची होईल.

काजवे बघायला जायचं तर मेअखेर ते जूनचा पहिला पाऊस. हेडटॉर्च सगळ्यात झगझगीत, आणि मोबाईलचा फ्लॅश चालूच ठेवा. काजव्याचा नर उडत उडत लुकलुकतो, झुडपात बसलेली मादी त्याला तसंच उत्तर देते, आणि एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. पंख फुटल्यावरचं आयुष्य काही आठवड्यांचं. मध्ये तुमचा टॉर्च आला की त्याला ती दिसत नाही, तिला तो दिसत नाही. पण तुम्ही लांबून गाडी काढून आलात, काजव्यांनी थोडं समजून घ्यायला हवं. फोटोत काळ्यावर काळंच येईल, ते वेगळं.

आता स्पीकर. यावर जरा सविस्तर बोलू, कारण जखम ताजी आहे.

गेल्या शनिवारी एका गडावर मुक्काम होता. गडाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या शनिवारी तुम्ही तिथे हजर व्हाल. वर एक गुहा आहे, दाटीवाटीने पंधरा-वीस माणसं आडवी होतील एवढी. बाहेर पावसाने झोडपून काढलेलं, तोंडाशी पागोळ्यांचा पडदा. आमची खिचडी झाली होती, आम्ही स्लीपिंग बॅगेत शिरलो होतो. नऊच्या सुमारास एक ग्रुप आला. पोरं चिंब भिजलेली. आम्ही सरकलो, जागा दिली, उरलेला चहा गरम करून दिला. त्यातल्या एकाने सॅक उघडली आणि टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू जपून बाहेर काढली. मला वाटलं, भांडं असेल.

प्रोजेक्टर होता.

तळहाताहून थोडा मोठा, गोंडस, कोपऱ्यात निळा दिवा. त्याने तो माझ्या पायाशी एका दगडावर ठेवला, खाली काड्यापेटी लावून तिरपा केला आणि उजेड थेट मागच्या भिंतीवर सोडला. "काका, जरा डोकं खाली घेता का? सावली पडतेय." मी माझ्या अंथरुणात उठून बसलो होतो, हा माझा अपराध. आणि सुरू झाला सिनेमा. कुठला ते विचारू नका. गाड्या उडत होत्या, आणि जो मरेल तो दहा मिनिटांनी परत येत होता. कातळ खडबडीत, त्यामुळे नायकाचं नाक एका कपारीत आणि कान दुसऱ्या. जोडलेल्या ब्लूटूथ स्पीकरचा आवाज मात्र खणखणीत. खोक्यावर ब्लूटूथची मजल दहा मीटर लिहितात, आवाजाची मजल कुणी लिहीत नाही. दगडी गुहेत आवाज पिऊन टाकायला पडदे नसतात, गाद्या नसतात. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत राहतो आणि सिनेमातली एकेक गोळी आपल्याला तीनदा लागते. वरची वटवाघळं केव्हाच पावसात निघून गेली.

मी म्हटलं, "अरे बाळांनो, आवाज जरा कमी करा की." तर उत्तर आलं, "काका, चिल! वीकेंड आहे." माझा काय सोमवार होता? दुसरा म्हणाला, "आम्ही पण निसर्गच एन्जॉय करायला आलोय काका." हे वाक्य त्याला मागच्या स्फोटाच्या आवाजावर मात करून, ओरडून सांगावं लागलं.

स्पीकर आयपीएक्स७ आहे, अशी माहितीही त्यानेच अभिमानाने पुरवली. म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवला तरी त्याला काही होत नाही. गुहेबाहेर पाच पावलांवर टाकं होतं. खरं सांगतो, चाचणी घ्यायची फार इच्छा झाली. पण ते प्यायच्या पाण्याचं टाकं होतं, म्हणून हात आवरला.

शेवटची मारामारी ऐन रंगात आली असताना प्रोजेक्टरची बॅटरी मेली. गुहेत मिट्ट काळोख झाला, पावसाचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. मला वाटलं, सुटलो. कसला सुटतो! पुढचा अर्धा तास पॉवरबँक ड्रोनने खाल्ली की फोनने, यावर भांडण. मग ज्याने सिनेमा आधी पाहिला होता त्याने उरलेला भाग तोंडाने सांगितला, बंदुकांच्या आवाजांसकट. आणि तेही संपल्यावर एक हेडटॉर्च थेट माझ्या डोळ्यांवर येऊन थांबला. "काका, झोपलात का? पॉवरबँक आहे?"

होती. दिली नाही. पहाटे उतरायचं होतं, पावसात वाटा मोडलेल्या, फोन चालू असणं गरजेचं होतं. यावर तो मित्राला म्हणाला, "जाऊ दे रे, जुनी माणसं अशीच असतात."

तर तुमच्यासाठी सल्ला असा की प्रोजेक्टरबरोबर जादा बॅटरी न्या, मोठा स्पीकर न्या, शक्य झालं तर पॉपकॉर्नचं मशीन न्या, आणि... नाही, आता मला हे नीट लिहिता येत नाहीये. सरळच विचारतो.

घरी टीव्ही नाही का तुमच्या? सोफा नाही? सिनेमा बघायचा तर थिएटर आहे, फोन आहे, बाथरूममध्येसुद्धा बघता येतो हल्ली. त्यासाठी दोन तास चिखल तुडवत, भिजत एका गुहेत यायचं आणि तिथे जे मिळतं नेमकं तेच बंद पाडायचं, याला काय म्हणायचं? पावसाचा आवाज, रात्रीचे बेडूक, दूर कुठेतरी धबधबा. हे तुम्हाला नकोय, कबूल. आम्हाला हवंय ना! आम्ही त्यासाठीच आलो होतो. आणि समजा संगीताशिवाय तुमचा जीवच तगत नाही, तर हेडफोन नावाची वस्तू निघाली आहे. तीही तुमच्याच गॅजेटांच्या दुकानात मिळते. कानात घाला. तुमचा आवाज तुमच्या कानात.

सकाळी उठून बघतो तर त्याच टोळीतला एकजण टाक्याच्या कडेला बसून चिखलाचे बूट टाक्यात बुडवून धूत होता. अंगावर महाराजांचं चित्र असलेला टीशर्ट. रात्री गुहेत शिरताना घोषणाही यांनीच दिली होती. अरे, हे टाकं कुणीतरी कातळ फोडून खोदलं, गडावर माणूस टिकावा म्हणून. आज तिथे नळ नाही, विहीर नाही. पावसाळा सरला की त्या गडावर प्यायला तेवढंच पाणी उरतं. गुराखी तेच पितो, आम्ही तेच पितो, आणि ज्याला मघाशी पाणी मागितलंत तो दादाही बाटली तिथेच भरतो. घोषणा देऊन झाल्यावर टाक्यात बूट धुणार असाल तर तो टीशर्ट आधी काढा.

आणि पाण्याचं एवढं सोपं वाटतं ना तुम्हाला? ३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. मध्ये उभे होते, पाणी वाढलं, एकमेकांना धरून ठेवलं होतं, तरी गेले. त्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला, मीही पाहिला. ऊन पडलेलं असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की खालचा ओढा काही मिनिटांत फुगतो. हे पायथ्याचा म्हातारा सांगतो तेव्हा तुम्ही त्याला हसता आणि पलीकडे जाऊन रील करता. मग अडकलात की रात्री ज्यांना फोन जातो, ती बचाव पथकातली बहुतेक मुलं स्वयंसेवक असतात. नोकरी करणारी, दुकान चालवणारी. ती ताटावरून उठतात, दोर घेतात आणि अंधारात, पावसात तुमच्यासाठी कड्यावर चढतात. कुणाचं प्रेत स्ट्रेचरवरून खाली आणायचं म्हणजे काय, ते त्यांच्याजवळ बसून एकदा ऐका. तुमच्या पॉवरबँका संपलेल्या असतील तर तो फोनही लागत नाही, आणि तिथवर रेंज तर नसतेच.

बंदीचा आदेश निघाला की ओरडणारेही तुम्हीच. "सामान्य ट्रेकरवर अन्याय!" अन्याय झाला, बरोबर आहे. तुमच्यामुळे झाला. तुम्ही चार वीकेंड येता आणि पुढच्या गडाकडे जाता. बंदी भोगतो आम्ही, आणि पायथ्याच्या त्या मावशी, ज्यांची पिठलं-भाकरी वर्षाचे चार महिने त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालते. त्यांच्या शेतात गाडी घातलीत, भाताची रोपं चिरडलीत, वर त्यांनाच "ओ मावशी, वायफाय आहे का?" म्हणून विचारलंत.

गुहा सोडताना मागे काय काय होतं, तेही सांगतो. वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, एक फाटलेला रेनकोट आणि तारेची टोकं उघडी पडलेला चार्जर. आम्ही भरून खाली आणलं. तुम्ही तरणीताठी पोरं, छातीवर कॅमेरा बांधून वर चढता. भरलेली बाटली वर नेताना जड होत नाही, मग रिकामी खाली आणताना कशी जड होते रे?